खिडकीतून विचारपूस

२००३ सालची गोष्ट. अंबडच्या कारखान्यात कामाला असलेल्या किशोरच्या बायकोला, मैनाला, रक्ताचा कॅन्सर झाला. केमोची पहिली फेरी संपवून ती सिडकोतल्या घरी आली, तेव्हा तिची सासू कुसाबाई दिंडोरीहून मदतीला येऊन राहिली.

कुसाबाई मनापासून करायची, पण तिच्या मनात भीती होती. मैनाचं ताट ती लांबूनच सरकवायची. सात वर्षांच्या पल्लवीला आईजवळ जाऊ द्यायची नाही. "लेकराला लागलं मंजे?" मैना भिंतीकडे तोंड करून पडून राही.

त्याच घरात रविवारी गावाकडून जीपभर पाहुणे आले. आजाऱ्याला भेटायला आलेल्यांना नको कसं म्हणायचं? कुसाबाईचा भाऊ सहादू तर खोकत खोकत तासभर मैनाच्या उशाशी बसला.

बुधवारी सकाळी मैनाला हुडहुडी भरली. "उतरंल," म्हणत कुसाबाईने काढा दिला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. दुपारी चारला किशोर कामावरून आला, तेव्हा ताप एकशे दोन होता. तो तिला तसाच रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला; कुसाबाईही सोबत गेली.

सलाईन सुरू करून उज्वला सिस्टर बाहेर आल्या. "घरी कोण कोण येऊन गेलं?"

कुसाबाईने मान खाली घालून सगळं सांगितलं. ताटाचंही सांगितलं.

"आजी, हा आजार शेजारी बसून, सोबत जेवून कुणाला लागत नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण केमोमुळे रोगाशी लढायची तिची ताकद कमी झालीय. आपला साधा खोकला तिच्या जिवावर बेतू शकतो. तिच्यापासून आपल्याला धोका नाही, आपल्यापासून तिला आहे. आणि ताप आला तर वाट बघायची नाही, लगेच इथं आणायचं."

"मंजे पोरीसारख्या सुनेला मी लांब ठेवलं, आन् खोकणाऱ्याला उशाशी बसवलं!" कुसाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"आता कळलं ना? मग तिला सांभाळा."

सहा दिवस कठीण गेले. मैनाचं रक्त कमी झालं, तेव्हा किशोरचे कारखान्यातले सोबती रक्त द्यायला आले. सातव्या दिवशी ताप उतरला.

मैना घरी आली त्या संध्याकाळी कुसाबाईने पल्लवीचे हात साबणाने धुतले आणि तिला आईच्या कुशीत बसवलं. पल्लवीने आईच्या केस गळालेल्या डोक्यावरून हात फिरवला. "आई, केस कधी येणार?" कितीतरी दिवसांनी मैना हसली.

पुढच्या महिन्यात सहादू पुन्हा आला, नाक ओढत.

"दादा, खिडकीतून बोल," कुसाबाई दारातच म्हणाली.

"सख्ख्या भावाला बाहेर उभं करती?"

"हा. तुझी सर्दी तिला लय महागात पडंल. बरा झाला का ये, जेवू घालीन."

सहादू रुसला, पण खिडकीशी जाऊन उभा राहिला. "पोरी, बरी हाय का?"

"बरी आहे, मामा," आतून आवाज आला.

उपचार लांबले, पण मैनाचे रिपोर्ट चांगले येऊ लागले.

वाचकहो, कॅन्सर झालेल्या माणसाला दूर लोटू नका, आणि खोकला-ताप घेऊन त्याच्या उशाशीही बसू नका. माया आपल्याकडे भरपूर आहे. ती कशी करायची, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या.