टाकीतलं पाव लिटर

मी गवत कापायचा मॉवर बोलतोय. ज्या सकाळी बोलायलाच हवं होतं, त्या सकाळी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. म्हणून आज मन मोकळं करतो.

माझा जन्म विलायतेतला. चोपन्न साली एरंडवण्यातल्या एका बंगल्यात आलो, हिरवळ राखली. मालक गेले आणि मी गॅरेजच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली गंजत पडलो. शहाण्णव साली त्यांचे चिरंजीव दीनानाथ निवृत्त झाले, तेव्हा कुठे त्यांना माझी आठवण झाली.

विश्रांतवाडीच्या मन्सूर मिस्त्रींनी पंधरा दिवस खपून माझे सांधे मोकळे केले. राहिली होती टाकीतून कार्बोरेटरकडे पेट्रोल नेणारी रबरी नळी. हात लावताच ती वाळक्या शेंगेसारखी कडकन मोडली.

"साहेब, ही गेली. मापाची दसऱ्याला आणतो. तोवर ही प्लॅस्टिकची नुसती अडकवलीय, धूळ जाऊ नये म्हणून. पेट्रोलला टिकायची नाही. टाकी कोरडीच ठेवा."

"पंचवीस वर्षं कोरडीच आहे," दीनानाथ म्हणाले. "तिला सवय आहे."

त्यांच्या पत्नी सुहासिनीताई दारातून हे ऐकत होत्या.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी मला पुसून झेंडूची माळ घातली. नवरात्राचे नऊ उपास करून चेहरा उतरला होता, पण डोळे प्रसन्न. मग त्या थबकल्या. "रिकामं भांडं कसं पुजायचं?" त्या पुटपुटल्या. कलशसुद्धा कुणी रिकामा पुजत नाही. शकुनापुरतं, एवढ्याशानं काय होतंय, असं म्हणत त्यांनी स्कूटरच्या कॅनमधलं पाव लिटर पेट्रोल माझ्या टाकीत ओतलं आणि दार अर्धवट लोटून निरांजन आणायला घरात गेल्या.

नळीला क्लिपही नव्हती. पेट्रोल लागून ती मऊ पडली, टोक सैल झालं. एक थेंब पडला, मग धारच लागली. खिडकी नसलेल्या गॅरेजात वास कोंडला. मी काय करणार? अंगात इंजिन असून साधं खोकताही येईना.

अंगणातून बांगड्या वाजल्या. ताटातली ज्योत हलत हलत दाराकडे येऊ लागली. सहा पावलं. पाच.

"वहिनी, तिथंच थांबा."

फाटकात मन्सूरभाई उभे होते, हातात नवी नळी. "पेट्रोलचा वास येतोय. दिवा विझवा."

सुहासिनीताई जागीच थांबल्या. "मन्सूरभाई, पूजेचा दिवा फुंकून कसा विझवू?"

मिस्त्री वाद घालत बसले नाहीत. "मग नका विझवू. वळा, हळू चालत जा आणि स्वयंपाकघरात देवापुढं ठेवून या. पळू नका."

त्या गेल्या. माझ्या उभ्या जन्मात एवढी लांब वाट मी पाहिली नाही.

मन्सूरभाईंनी गॅरेजची दारं सताड उघडली, टाकीखालचा कॉक बंद केला, पेट्रोल डब्यात उतरवून घेतलं. मला ढकलत उन्हात आणलं. नवी रबरी नळी बसवून दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. वास पुरता गेला तेव्हाच टाकी भरली. दोरीच्या चौथ्या हिसक्याला मी धडधडलो.

"चूक माझी," सुहासिनीताई म्हणाल्या.

"चूक झाली, पण थांबलात ना," मन्सूरभाई म्हणाले. "आमच्या घरी थांबा म्हटलं की आधी का ते विचारतात."

आता दर बुधवारी मी हिरवळ कापतो. तुमच्याही घरी माझ्यासारखं मुकं यंत्र असेल, तर वर्षातून एकदा त्याची नळी दाबून बघा. आमच्या जातीला ओरडता येत नाही.

त्या दिवशी मागाहून पूजा करताना ताईंनी मला लावलेलं कुंकू वाकडं लागलंय. कुणी पुसू नका. हात कापत होता, पण शाबूत होता.