मयताची खुर्ची

पोरं त्याला पाठीमागे ‘उसवे सर’ म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. कुठलीही कथा त्याच्या हातात द्या, टाका कुठे कच्चा आहे ते त्याला पहिल्याच पानावर दिसायचं. तो येण्याआधी साहित्य विभागात समीक्षा म्हणजे काय, तर लेखकाने किती तळमळीने लिहिलंय म्हणून मान डोलवायची आणि चहा प्यायचा. याने विरचना आणली, म्हणजे मजकूर उसवून वाचायची रीत. मजकूर जे छातीठोकपणे सांगतो तिकडे बघूच नका, म्हणायचा, कडेला काय सांडलंय ते बघा. एखादं वाक्य पुन्हा पुन्हा का यावं लागतं ते विचारा. हळूहळू असं झालं की कुणी ‘लेखकाला असं म्हणायचंय’ म्हटलं की बाकीचे गालात हसायचे.

शनिवारी दुपारी वाचन असायचं. त्याचा एक कडक नियम होता. लिहिणारा हजर असला तर त्याने भिंतीकडच्या खुर्चीत बसायचं आणि शेवटपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. मजकूर हातावेगळा झाला की लिहिणाऱ्याचा त्यावरचा हक्क संपला, मजकुरापुरता तो मेला, असं सरांचं म्हणणं. पोरांनी त्या खुर्चीचं नाव ‘मयताची खुर्ची’ ठेवलं होतं. भले भले कवी त्या खुर्चीत घामाघूम झालेले त्यांनी पाहिले होते.

त्या शनिवारी त्या खुर्चीत ताई बसली होती.

ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. जन्मभर नर्स म्हणून राबली. वडिलांचं अर्धं अंग गेलं आणि ते अंथरुणाला खिळले ते कायमचेच, तेव्हा त्यांचं सगळं तिने एकटीने केलं. त्या धबडग्यात लग्न राहिलं ते राहिलंच. हा तेव्हा दूर, दुसऱ्या देशात शिकत होता. पुढे तिथेच शिकवायलाही लागला, इथे परतला तो फार उशिरा. बाबा गेले तेव्हा हा पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यावर दोघांत कधी बोलणं झालं नाही.

नोकरी संपल्यावर ताईने त्या वर्षांबद्दल लिहून काढलं. एक प्रकाशक छापायला तयार होता, फक्त कुणा जाणकाराची प्रस्तावना हवी म्हणाला. ताई टाइप केलेले कागद घेऊन भावाकडे आली.

“दोन शब्द लिही,” ती म्हणाली. “चांगलंच लिही असं नाही. पण तू वाच.”

एवढं अवघडलेलं त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. पुस्तक छापून येण्याचं तिला काही पडलं नव्हतं. त्या घरात आपण काय केलं, कसं केलं, ते भावाला एकदा कळावं, एवढंच तिला हवं होतं. त्याला हे कळलं नाही असं नाही. कळलं, म्हणूनच तो बिचकला. भाऊ म्हणून वाचायचं म्हणजे खोटं बोलणं आलं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. लिहिणारीचं नाव काढून टाकलं आणि ते कागद शनिवारच्या वाचनाला लावले. विद्वान माणूस घाबरला की नियमाच्या आड लपतो, तसा हा लपला.

“मी येऊ ऐकायला?” ताईने विचारलं.

“ये. पण बोलायचं नाही.”

“तुझ्यापुढे कधी बोलले मी?” ती हसून म्हणाली.

आणि आली. इस्त्रीची साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन, शाळेत पहिल्यांदा आल्यासारखी ताठ बसली. ही बाई सरांची कोण ते पोरांना माहीत नव्हतं.

कागद वाचून झाल्यावर पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी म्हणाली, “सर, हृदयस्पर्शी आहे.” बाकीच्यांनी माना हलवल्या. ताईच्या चेहऱ्यावर जरासं तेज आलं. तिथेच सगळं थांबलं असतं तर काय बिघडलं असतं? पण ‘हृदयस्पर्शी’ शब्द ऐकला की याचं डोकं फिरायचं. तो उठला आणि फळ्याकडे गेला.

“‘बाबांचं करताना मला कधी जड गेलं नाही,’ हे वाक्य किती वेळा येतं बघा,” तो म्हणाला. “ज्याला खरंच जड जात नाही तो सांगत बसेल का? आता कडेला या. ती वडिलांना भरवते त्या प्रत्येक पानावर खिडकीबाहेर कोपऱ्यावर बस येते. घास भरवताना बस कशाला हवी?”

“तिला जायचंय,” कुणीतरी म्हणालं.

“बरोबर. जायचंय, आणि बस रोज तिला सोडून जाते. आता शेवटचं पान. वडिलांचा श्वास अडकतोय, आणि ती काय लिहिते? ‘मी उठून खिडकी लावली.’ पुढच्याच वाक्यात वडील गेलेले आहेत. बसची गरज संपली, म्हणून खिडकी बंद.” त्याला स्वतःच्याच बोलण्याची नशा चढली होती. “सेवेची कहाणी म्हणून लिहिलेला हा मजकूर पहिल्या पानापासून बापाच्या मरणाची वाट बघतोय.”

पोरांनी बाकं वाजवली, अशी दाद ती क्वचितच द्यायची. ताई पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. तिने तोंड उघडलं आणि नियम आठवून मिटलं.

“सर,” चष्मेवाली म्हणाली, “पहिल्या पानावर ‘धाकटा शिकायला गेला’ असं आहे. पुढे त्याचं काय होतं?”

“तो मजकुरात नाही,” सर म्हणाले. “चला, पुढे.”

बघा आता. मजकुरात नसलेल्याच्या जिवावर ज्याने नाव कमावलं, त्याला नेमका हाच नसलेला नको झाला.

वाचन संपल्यावर तो तिला बस स्टॉपपर्यंत सोडायला गेला.

“मी मजकुराबद्दल बोलत होतो, ताई. तुझ्याबद्दल नाही.”

“मजकूर त्या खुर्चीत नव्हता बसला,” ताई म्हणाली.

ती रस्त्याकडे बघत बोलत राहिली. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

“खोटं नाही बोललास. शेवटी शेवटी मी मनात म्हणायचे, सुटू दे. कुणाला, त्यांना की मला, ते कधी उकरलं नाही. जड गेलं नाही, जड गेलं नाही, असं म्हणत दिवस काढले. तेवढ्या एका वाक्याला धरून उभी होते रे मी. तू ते दहा परक्या पोरांसमोर काढून घेतलंस. आता सकाळी उठून कशाला धरू?”

“मी प्रस्तावना लिहितो, ताई. वर्गात बोललो तशी नाही. आज जाऊन लिहितो.”

“नको. कागद दे ते.”

त्याने बॅगेतून कागद काढून दिले. तिने ते नीट सारखे केले आणि पर्समध्ये ठेवले.

“एवढं शिकलास, पण बसचं चुकलास,” ती म्हणाली. “बस निघून जाताना कधी बघितली नाही मी. ती थांबायची तेव्हा बघायचे, उतरतंय कोण ते. बाबाही घास तोंडात धरून तेच बघायचे. त्या दिवशी शेवटची बस येऊन गेली. मग खिडकी उघडी ठेवून काय करू? लावून घेतली.”

“ताई, मी...” त्याने सुरुवात केली.

तेवढ्यात तिची बस आली. दार उघडलं, माणसं उतरू लागली. ताई सवयीने एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, शेवटचा माणूस उतरेपर्यंत. तिचा भाऊ शेजारीच उभा होता. मग ती चढली आणि पलीकडच्या बाजूला, जिथून स्टॉप दिसत नाही अशा सीटवर जाऊन बसली.