करंजाचा साबण

सत्यमची रेघ सरळ यायची. त्या रेघेचा आपल्याला राग येतो, असं सुलेखा स्वतःला सांगत असे. पण तो राग नव्हता, निव्वळ हेवा होता.

प्रयोगशाळेत दोघांचं काम एकच. मेदाच्या पातळ पडद्याचे, डोळ्यांना न दिसणारे फुगे करायचे, आत आम्ल वाढलं की मंदावणारा चमकता रंग त्यांत कोंडायचा आणि बाहेरून मेदाम्ल सोडायचं. एकटा प्रोटॉन त्या पडद्यातून सहजी जात नाही. मेदाम्ल त्याला सोबत घेऊन पडद्यात उलटतं, पलीकडे सोडून देतं, आणि रंग मंदावतो. मेदाम्ल घातलंच नाही, तर रंग तसाच राहून कागदावर सरळ रेघ उमटली पाहिजे. सुलेखाची मात्र महिनाभर खालीच घसरत होती.

आणि आज संध्याकाळी त्यांच्या मार्गदर्शक मॅडम हैदराबादच्या परिषदेसाठी एकच नाव पाठवणार होत्या.

सत्यम पैठणच्या एसटीतून साडेदहाला उतरायचा. टेबलावर कालचा पसारा तसाच. सुलेखा गारखेड्याहून नऊला यायची. प्रयोगशाळेचं धुण्याचं द्रावण संपलं, तेव्हा आईच्या बचत गटाचा करंजाचा साबण तिनंच आणला होता. काचेची एकेक नळी ती चकाकेपर्यंत घासायची. एवढं करून रेघ त्याची सरळ! काल तिला राहवलं नाही. ती मॅडमना म्हणाली, "तो आकडे बसवतोय."

म्हणून आज मॅडम खुर्ची ओढून बसल्या होत्या. "दोघंही माझ्यासमोर करा. आधी सत्यम. मेदाम्ल नको."

सत्यमनं नळी उचलली, शुद्ध पाण्यानं दोनदा विसळली, स्पिरिट फिरवलं, झटकली.

"धुतली नाहीस?" सुलेखानं विचारलं.

"धुतली की आत्ता."

"साबणानं?"

"तुझ्या साबणाला लई वास येतो. आन् घासत कोण बसतंय, सुलेखाबाई?"

मॅडम हसल्या. यंत्रानं रेघ काढली. सरळ. मग मॅडमनी सत्यमकडे नाही, सुलेखाकडे पाहिलं.

सुलेखा मात्र बेसिनवरच्या हिरवट वडीकडे पाहत होती. साबण तेलापासून होतो. करंजाच्या तेलात सगळ्यात जास्त असणारं मेदाम्ल म्हणजे ओलिक आम्ल, आणि तिच्या प्रयोगातल्या मेदाम्लाच्या बाटलीवरही तेच नाव होतं. गप्प राहिलं, तर तिचा हात वाईट ठरणार होता. बोललं, तर महिन्याचे सगळे आकडे बाद आणि हैदराबाद गेलंच.

तिनं साबण न लागलेली नवी नळी काढली, सत्यमसारखीच विसळली आणि प्रयोग लावला. महिन्यात पहिल्यांदा तिची रेघ सरळ आली. मग तिनं साबणाचं किंचित पाणी त्यात सोडलं. रेघ लगेच खाली गेली, महिनाभर जात होती तशीच.

"मॅडम, मेदाम्ल मीच घालत होते. साबणातून. कितीही विसळलं तरी काचेला थोडं राहतंच."

"आणि काल म्हणालीस ते?"

सत्यमनं मान वर केली. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"त्याचे आकडे खरे आहेत," सुलेखा म्हणाली. महिनाभरात एवढं जड काही तिनं उचललं नव्हतं.

मॅडमनी फोन काढला, सत्यमचं नाव पाठवलं आणि त्या उठल्या. जाताना म्हणाल्या, "साबणाचं नीट लिहून काढ. ते महत्त्वाचं आहे."

सत्यम तिच्याकडे वळला. "मी आकडे बसवतो व्हय?" मग स्वतःच हसला. "बरं, ही साबणाची रेघ परिषदेच्या पोस्टरवर घेतो. तुझं नाव टाकून."

त्याला नीट चिडताही येत नव्हतं! याचाही तिला हेवा वाटला.

"घे. पण रेघेखालचा मजकूर मी लिहीन."

तिनं साबण कागदात गुंडाळून पिशवीत टाकला. बेसिनपाशी वापरलेली नळी पडली होती. ती घासायला तिचे हात शिवशिवत होते. तिनं ती पाण्यानं दोनदा विसळली, स्पिरिट फिरवलं, झटकली.

मागून सत्यम म्हणाला, "आता कसं!"

हैदराबाद गेल्यापेक्षा ते दोन शब्द तिला जास्त लागले.