लाल कपड्यातला ठोकळा

मी चप्पल बोलून राह्यली. पुरी चप्पल नाई, टाचेकडचा चार बोटं रुंद तुकडा. नाक मुरडलं ना? मुरडा. माणसाचं नाक मुरडणं मी जन्मभर खालून पाह्यलं हाय, मले त्याचं काई वाटत नाई. पण आज नाक मुरडाची पाळी माही हाय.

कारखान्यात रबराची एक लंबी चादर होती, वरून पांढरी, खालून निळी. साच्यानं कापलं अन् मी झाली. अठ्ठ्याण्णव साली देवळीच्या बाजारात ढिगातून कांतानं मले निवडलं. दुकानदारापुढे दोन्ही हातांनी वाकवून पाह्यलं, सोडलं, पाह्यलं सरळ होते का. मी झाली. मंग पायात घालून घरी चालत गेली.

कांता म्हणजे श्रावणची बायको. सहा वर्सं तिच्या डाव्या पायात मी राह्यली. कापसाच्या पऱ्हाटीच्या बांधावर, गोठ्यात, विहिरीवर. शेण लागलं, चिखल लागला, एकदा बाभळीचा काटा आरपार गेला. किळस म्हणून कधी आली नाई. शेण शेणच असते, आपण दुसरं काई हाय असं थे म्हणत नाई.

पट्टा तुटला तर कांतानं त्याले सेफ्टी पिन लावली. पिन गेली तर तार. दोन हजार चारच्या दसऱ्याच्या आगोदर अंगठ्याकडून पुरी झिजली, तवा तिनं मले दारात काढून ठेवलं. उजवी अजून बरी होती, थे पण माह्याजवळच राह्यली.

श्रावणनं मले उचललं. आरीच्या पात्यानं टाचेचा चौकोन कापला. पट्ट्याचं एक भोक त्यात राह्यलं. कांता म्हणे, आता त सोडा तिले. श्रावण म्हणे, आता तिचं काम सुरू झालं.

श्रावण लाकडाले पॉलिश करे. जुन्या खुर्च्या, पलंगाचे पाय, शिलाई मशीनचे फळे. हात असा होता का, डोळे मिटून बोट फिरवलं तरी सांगे कुठं चढ हाय. पण गावात त्याले कोणी मिस्त्री म्हणे नाई. नवी वस्तू करते थो मिस्त्री. ह्याले म्हणत घासणारा. "थो घासणारा कुठं राह्यते गा?" असं विचारत लोक घरी येत, अन् कांता चुलीपाशी ओठ दाबून घेई.

नागपूरले एका दुकानात सहा महिने राहून तो रेझिनचं काम शिकून आलता. दोन डब्यांचं औषध असते, मिसळलं का मधासारखं होते, ओतलं का दोन-तीन दिवसांत काचेसारखं घट्ट होते. देवळीत त्या कामाले कोणी ओळखे नाई. मंग एक दिवस मोतीलाल शेठजी आले. कापसाचे व्यापारी, अन् देवळाच्या कमिटीचे मुख्य. नागपूरच्या लग्नात त्यायनं फुलं गोठवलेला टेबल पाह्यलता.

शेठजी म्हणे, लक्ष्मीपूजनाले सागवानी चौरंग पाह्यजे. दुकानावर आलेला ह्या सालचा पैला कापूस त्यात, बोंडासकट, काचेत ठेवल्यासारखा. मंग थांबून म्हणे, "जमलं त देवळाची नवी दारं तुह्याकडे. चौकटीवर नाव कोरू. श्रावण मिस्त्री, देवळी."

कांताच्या हातातलं पीठ तसंच राह्यलं.

बोंडं त्यानं पैले पातळ औषधात बुचकळली, नाईतर कापसातली हवा बुडबुडे सोडते. मंग ओतलं. तीन दिवस अंगणातल्या खोलीले कडी. चौथ्या दिवशी शेठजी आले अन् खुश झाले, चमकून राह्यला होता चौरंग. म्हणे, आजच नेतो. श्रावणनं चौरंग उचलून उन्हात तिरपा धरला. वरून पाण्यावर असतात तशा लाटा, बारीक बुडबुडे, अन् एका कोपऱ्यात मुंगी. ह्याले घासा लागते, म्हणे.

मले पाण्याचा कागद गुंडाळला. वाळूचाच, पण पाण्यात चालणारा. एकशेवीस नंबर; नंबर मोठा तसा कागद बारीक. पैल्या हातातच सगळी चमक गेली. शेठजी उभे राह्यले.

"काच होती गा. तू त ताक करून टाकलं."

"ताकातूनच काच निघते, शेठजी. बसा."

शेठजी बसले, पण घाम पुसत. तवापासून रोज येऊन बसत अन् रोज तेच म्हणत.

ह्या कामाची रीत ऐका. एका नंबरानं उभं घासाचं, दुसऱ्यानं आडवं. आधीच्या रेघा पुऱ्या गेल्याशिवाय पुढचा नंबर हातात घ्याचा नाई. हजारदा पुसून पाहाचं. लाकडाचा ठोकळा कडक, त्याच्याखाली एक कण अडकला का रेघ मारते. मी नरम. कण आला तर मी त्याले पोटात घेते. म्हणून तर श्रावणले मी पाह्यजे होती.

पण घासताना निघे त्या पांढऱ्या पाण्याची मले शिसारी बसली. दूध नाई, चुना नाई, चिकट. भोकात घुसे, वाळे अन् पापुद्रा धरे. श्रावण नाकाले दुपट्टा बांधे. मले कोण बांधणार?

हजार नंबर चालू होता तवा शेठाणीबाई आल्या, अनुसयाबाई. कागद बदलाले श्रावणनं मले उघडं करून पाण्यात ठेवलं होतं. बाईनं निळं पाह्यलं, पट्ट्याचं भोक पाह्यलं. मंग दारात पाह्यलं, तिथं उजवी पडली होती.

"हे चप्पल हाय."

श्रावणनं मले पाण्यात खाली दाबलं.

"लक्ष्मीच्या चौरंगाले चपलीनं घासून राह्यला तू? कोणाच्या पायातली?"

"माह्या," कांता म्हणे.

बाई अंगणाच्या कोपऱ्यात गेल्या अन् ओकल्या. खरंच ओकल्या. मले मोठी मजा वाटली. माणूस पाय घेऊन देवळापर्यंत चालत जाते, मले घालूनच जाते, अन् मी त्याच्या हातात आली का ओकते. मंग चौरंगावर गोमूत्र झालं, गंगेचं पाणी झालं. श्रावणले हुकूम झाला, सागाचा ठोकळा घे, नाईतर दारं दुसऱ्याले जातात.

दोन दिवस त्यानं सागाच्या ठोकळ्यानं घासलं. पाण्यानं लाकूड फुगलं, कोपरे रुतले. उन्हात धरलं तर बोंडाच्या वर तीन लंब्या रेघा, मांजरानं ओरबाडल्यासारख्या. दिवाळी चार दिवसांवर.

दुपारी शेठजी एकटेच आले. फाटक लावून घेतलं. रेघा पाह्यल्या. पान बाहेर थुंकून आले.

"थो तुकडा फेकला का ठेवला?"

"ठेवला."

"मंग घास. मी बसतो दारात." खिशातून लाल कपडा काढला. "ह्यात शिवून घे, वरून कागद लाव. कोणी विचारलं त चंदनाचा ठोकळा म्हणजो. शेठाणीले मी सांगतो."

मले लाल कपड्यात शिवलं. श्रावणनंच शिवलं, कांतानं सुई हातात घेतली नाई. शेठजी गेल्यावर ती म्हणे, "चपलीनं घासलं त्यात मले काई वाईट वाटत नाई. पण चंदन काऊन म्हणता?"

"चौकटीवर नाव येऊन राह्यलं, कांता."

"कोणाचं?"

तो घासत राह्यला. आठशेवर मागं जाऊन रेघा काढल्या, मंग हजार, पंधराशे, दोन हजार. शेवटी चकाकीचं मलम लावून सुती कपड्यानं गोल गोल. अंगणातला कडुनिंब चौरंगात उतरला, पान न् पान. आत बोंडं अशी, का हात घालून वेचावी.

लक्ष्मीपूजनाले सारा बाजार आलता. जो तो वाकून कपाळ टेकवे अन् आपलंच तोंड पाहून केस सारखे करे. अनुसयाबाई म्हणे, पाहा, चंदनाचा हात लागला तवा कसं निघालं. मंग श्रावणकडे वळल्या. थो ठोकळा मले दे, देवघरात ठेवीन.

श्रावणनं शेठजीकडे पाह्यलं. शेठजी समई सारखी करत होते.

त्यानं मले खिशातून काढलं अन् दोन्ही हातांनी दिलं.

तवापासून मी देवघरात हाय, देवांच्या वळीत, डावीकडून तिसरी. रोज कुंकू. रोज दुधाचे थेंब, मध, दही. कपड्यात थे आंबते. झेंडू माह्या अंगावर सडते. सात वाजता शेठजी येतात, घंटी वाजवतात, सगळ्या देवांले डोळे लावून नमस्कार करतात अन् माह्यापाशी आले का भिंतीकडे पाहतात. त्यायच्या मागं बाई मले डोळ्याले लावते. शेठजी रोज पाहतात अन् रोज गप राहतात. गोठ्यात मी इतकी घाण पाह्यली नाई.

दारं झाली. श्रावणनं उजवीले कापलं, तिलेही लाल कपडा. चौकटीवर नाव कोरलं. लोक घरी येऊन विचारू लागले, मिस्त्री हायेत का.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाले अनुसयाबाईनं कांताले बोलावणं धाडलं. मिस्त्रीची बायको म्हणून पैल्यांदाच. त्याच दिवशी श्रावण देवघराच्या कवाडाले कडी बसवाले आलता. पंधरा-वीस बाया बसल्या होत्या. अनुसयाबाईनं कांताले देवघरापुढं नेलं, कौतुकानं म्हणे, तुह्या नवऱ्याचा ठोकळा, पड पाया.

कांतानं माह्याकडे पाह्यलं. मी तिच्या टाचेची चप्पल, मले तिचं वजन माईत हाय, पण ती अशी जड कधी लागली नोती. ती वाकली नाई.

"देवाच्या वस्तूले नमस्कार कराची लाज वाटते का वं?"

"मी काऊन, काकू. मिस्त्रीले पडू द्या पैले. ठोकळा त्यायच्या हातचा हाय."

बाया हसल्या. म्हणे, बरोबर बोलली, पडा हो मिस्त्री. श्रावणच्या हातात पेचकस होता. दारातून शेठजी पाहून राह्यले होते. एक शब्द बोलला असता तर नाव गेलं असतं, त्याचंही अन् शेठजीचंही. कांता त्याच्याकडे पाहत होती, रागानं नाई, वाट पाहत होती.

श्रावणनं पेचकस खाली ठेवला. गुडघे टेकले अन् कपाळ माह्यावर ठेवलं. घाम लागला मले त्याचा, गरम.

आजवर इतके जण वाकले, कोणाले माईत नोतं आपण कोणाच्या पाया पडून राह्यलो. त्याले माईत होतं. अन् तरी तो लवकर उठला नाई.

कांता वाण न घेता निघून गेली. अनुसयाबाई म्हणे, गर्व झाला तिले. पुन्हा बोलावणं गेलं नाई.

मी अजून इथंच हाय. मले देव होणं नको. जमिनीवर ठेवा, कोणाच्याबी टाचेखाली, तिथं मले काम येते. तुमी कधी त्या घरी गेले तर माह्यापुढे वाकू नका. लाल कपड्याची शिवण खालच्या कोपऱ्यात उसवली हाय. बोट घालून पाहा. निळं दिसते.