कांडप कुठल्या रंगात बसतं?

गहू दळला तर पिवळा आणि मिरची कुटली तर जांभळा! हा न्याय कुठल्या शहाण्यानं काढला, देव जाणे. पण सोनवडगावच्या नव्या नगरपंचायतीत भिंतीवर गावाच्या आराखड्याचा जो नकाशा टांगला होता, त्यात असंच होतं. पिवळ्या रंगात राहायची घरं, निळ्यात दुकानं, हिरव्यात शेती, जांभळ्यात कारखाने. शेजारी यादी लावलेली, कुठल्या रंगात काय चालेल याची. पिठाची गिरणी पिवळ्यात चालेल, मिरची कांडप फक्त जांभळ्यात. आणि जांभळा रंग कुठं, तर गावापासून तीन किलोमीटरवर, पाझर तलावाच्या पलीकडच्या माळावर. तिथं वीज नाही, रस्ता नाही, आणि आजवर बाभळीशिवाय कुणी तिथं पाय रोवलेला नाही.

कडूबाईचं कांडप होतं मारुतीच्या आळीत. म्हणजे ऐन पिवळ्यात.

सहा वर्षांपूर्वीपर्यंत ती आणि तिचा नवरा बजरंग ऊसतोडीला जायचे. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा झाला की बिऱ्हाड ट्रकवर, ते थेट उन्हाळा लागेपर्यंत कुठल्यातरी कारखान्याच्या फडात, पाचटाच्या कोपीत, चार हातांच्या झोपडीत. घरची दिवाळी कशी असते ते कडूबाई विसरूनच गेली होती. मग हे मशीन आलं आणि दोघांचे पाय घरात टिकले. आता तेच गावाबाहेर घालवलं, तर येत्या दसऱ्याला पुन्हा ट्रक. हे तिला कुणी सांगायला नको होतं.

हरकत घेतली होती शेजारच्या रंगनाथ गुरुजींनी. शाळेतून निवृत्त झालेला, अगदी देवमाणूस. पण दुपारची झोप म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मशीन सुरू झालं की त्यांचा डोळा उघडायचा आणि मागोमाग शिंक यायची. आळी शिंकायची हे काही खोटं नव्हतं, कडूबाईही ते नाकारत नव्हती. गुरुजींनी नव्या नियमावर बोट ठेवून अर्ज लिहिला आणि बावीस सह्या गोळा केल्या. सगळ्या बापयांच्या. सह्या करणाऱ्यांच्या स्वतःच्या माळवदावर त्याच वेळी मिरच्या वाळत होत्या, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. बापयांची अक्कल, दुसरं काय!

नगरपंचायतीच्या माणसानं येऊन कांडपाला सील ठोकलं. सुनावणी होईस्तोवर बंद.

झालं! ऐन चैत्र. वर्षाचं तिखट करायचे दिवस. मिरच्या वाळून कडकडीत झालेल्या, आणि आभाळ तर रोज दुपारी भरून येऊ लागलेलं. मिरची सादळली की वर्षभराचं तिखट वाया. दोघी-तिघी बाया एसटीनं मिरजगावला जाऊन आल्या, तर तिथं म्हणे डबा ठेवून जा, परवा या. आपली मिरची परक्याच्या हवाली करून यायची? कुठली बाई करेल? कांडपापाशी बसून, डोळ्यांदेखत कुटून घेतलेलं तेच आपलं तिखट.

सुनावणीचा दिवस उजाडला. नगरहून नगररचनेच्या सत्यशीला मॅडम येणार होत्या. आधी आळी पाहणार आणि दुपारी समाजमंदिरात निकाल देणार. कडूबाईनं पहाटेच आळी झाडून काढली, सडा टाकला, बजरंगाला धुतलेली टोपी घालायला लावली. आज आळीत कुणाला साधी शिंकसुद्धा येऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि नऊच्या सुमाराला आवाज आला. धप्प. धप्प. मग पलीकडून धप्प. मग समोरून.

कडूबाई धावतच समोरच्या राहीआक्काच्या अंगणात गेली. म्हातारीनं कुठल्या कोनाड्यातून काढलं होतं कोण जाणे, उखळ मांडून पदर खोचून मुसळ हाणत होती.

"आक्का, बंद करा वो! आज साहेबीनबाई यायच्यात!"

"बंद करू? मिरच्या भाजून झाल्यात माज्या!" राहीआक्का शिंकली, नाक पुसलं आणि पुन्हा मुसळ उचललं. "मशीनला सील हाय. उखळाला हाय का?"

"पर ठसका उठला तर समदं माज्यावरच यील!"

"मग मी काय मिरच्या डोक्यावर ओतून घिऊ?"

कडूबाई दुसऱ्या घरी गेली, तिसऱ्या घरी गेली. जिकडे जावं तिकडे कढया तापलेल्या, उखळं मांडलेली. सगळ्या बायांनी, एकमेकींना न विचारता, तोच दिवस धरला होता. आभाळ आलं होतं ना! आळीवर लाल धूळ उठली. पोरं शिंकायला लागली, गाई शिंकायला लागल्या, मारुतीचा पुजारी घंटा वाजवता वाजवता शिंकला. आता माशी शिंकायचीच काय ती बाकी होती, आणि तेवढ्यात मॅडमची जीप आली.

जीपमधून पाय खाली ठेवताच मॅडम शिंकल्या. एकदा, दोनदा, पाचदा. डोळ्यांना धारा.

"मशीन बंद ठेवायला सांगितलं होतं ना?" त्या कडाडल्या.

"बंदच हाय, मॅडम!" कडूबाईच्या तोंडून कसंबसं निघालं. तिनं सील दाखवलं. लाख तशीच, दोरा तसाच.

मॅडमनी सील हाताळून पाहिलं. कान दिले. धप्प, धप्प. अगदी शेजारच्याच घरातून. त्या तडक त्या दारात गेल्या, मागे नगरपंचायतीची माणसं, मागे सगळी आळी.

आत गुरुजींच्या पत्नी, आळीच्या काकू, उखळापाशी होत्या. आणि त्यांच्यासमोर, नाकातोंडाला उपरणं बांधून, डोळे लालबुंद झालेले, हातात चाळण घेऊन तिखट चाळत बसले होते खुद्द रंगनाथ गुरुजी!

राहीआक्का अशी हसली, की तिला ठसकाच लागला, आणि तिच्यामागून सगळी आळी खदखदून हसली. मॅडमसुद्धा. कडूबाईला मात्र हसावं की रडावं कळेना.

"हरकत आपलीच ना, गुरुजी?" मॅडमनी विचारलं.

"होय," गुरुजी उपरण्याआडून म्हणाले. "पण हे घरगुती आहे. याला नियम लागत नाही."

"नाहीच लागत. एक मशीन बंद केलं आणि तीस उखळं सुरू झाली. तीसही नियमात!" मॅडमनी पुन्हा डोळे पुसले. "आधी मला श्वास घ्यायला जागा दाखवा."

अशी जागा आळीत एकच होती. मॅडमनी स्वतः सील काढलं. कांडपाच्या खोलीला बजरंगानं खिडक्यांवर गोणपाटं लावली होती, मशीनवर पत्र्याचं टोपलं करून त्याला धुराडं जोडलं होतं. हवा स्वच्छ होती. मॅडमनी धुराड्याकडे मान वर करून पाहिलं.

"हे गुरुजींच्या खिडकीसमोर निघतं."

"व्हय," बजरंग टोपी सावरत म्हणाला. "तेवडंच चुकलं आमचं. पाइप कमी पडला."

"आणि बाया आत-बाहेर करताना दार उघडंच राहत असेल."

"ऱ्हातं," कडूबाईनं कबूल केलं. "खोटं कशाला बोलू?"

दुपारी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया पुढे, आणि सह्या करणारे बावीस जण मागे भिंतीला टेकून, खाली मान घालून. मॅडमनी विचारलं, "हरकत कायम आहे का, गुरुजी?"

गुरुजी उठले. बायकोकडे पाहिलं. काकूंनी तळहातांवरचे फोड त्यांच्यापुढे धरले.

"मागे घेतो," गुरुजी म्हणाले. "सपशेल चुकलो. पण दुपारी दोन ते चार तेवढं..."

"दीड ते साडेचार बंद ठिवते, गुरुजी!" कडूबाई मागचा-पुढचा विचार न करता बोलून गेली. "तुमी निवांत निजा!"

पुन्हा हशा पिकला. मॅडमनी आणि नगरपंचायतीच्या समितीनं तिथंच ठरवलं, की पिवळ्या रंगाच्या यादीत मिरची कांडप घ्यायचं, अटींसह. धुराडं घरांच्या वर न्यायचं, दाराला आणखी एक दार करायचं, दुपारची वेळ बंद. यादी छापून येईल तेव्हा येईल, कांडप उद्यापासून सुरू.

कडूबाईला ऐकू आलं, पण पटेना. तिनं बजरंगाचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. कारकुनानं तिला टेबलाशी बोलावलं. परवानगीचा अर्ज भरायचा होता. नाव झालं, आळी झाली.

"वास्तव्य?" कारकुनानं मान वर न करता विचारलं. "हंगामी का कायमचं?"

सहा वर्षांपूर्वीपर्यंत प्रत्येक कागदावर तिच्या नावापुढे हंगामी लागायचं. मतदारयादीवाला आला तर घर बंद, शिरगणतीवाला आला तर घर बंद. कडूबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि या खेपेला ते तिखटाचं नव्हतं.

"कायमचं," ती म्हणाली. "बारा म्हैनं. कायमचं लिवा, सायेब."

"अरं, मोठ्या अक्षरात लिव!" राहीआक्का मागून ओरडली. "आणि आटप लवकर, आमच्या निम्म्या मिरच्या आजून तशाच हायत!"