पॅड धरणारी

मोठ्या जावेला डॉक्टरांनी बजावलं, साखर आटोक्यात आणा, नाहीतर गोळ्या वाढतील. म्हणून ती बॉक्सिंगच्या व्यायामवर्गाला जायला लागली. धाकटीला डॉक्टरांनी काहीएक सांगितलं नव्हतं. मोठी रोज सकाळी साडेसहाला कुठं जाते एवढं तिला कळलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिनं तिथं नाव घातलं. एकीची साखर वाढली होती, दुसरीचा राग.

आणि राग काही कालपरवाचा नव्हता, चांगला दोन वर्षं मुरलेला होता. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या तेव्हा घरात कुणी नव्हतं. धाकटी शिवणकाम करायची. त्या दुपारी एका नवरीच्या कपड्यांचं माप परत बघायला तिला जावं लागलं. जाताना ती पलीकडच्या गल्लीत मोठीच्या दारात उभी राहून सांगून गेली, “ताई, पाचपर्यंत आईंजवळ बसाल ना?” मोठी हो म्हणाली. आणि संध्याकाळी हॉस्पिटलात, सगळ्यांच्या देखत, तीच मोठी म्हणाली, “मला कुणी काही सांगितलंच नाही.” झालं. तीन आठवड्यांत सासूबाई गेल्या आणि खापर फुटलं धाकटीच्या डोक्यावर.

मोठे दीर, म्हणजे मोठीचा नवरा, ज्यांना घरात सगळे दादा म्हणत, ते तेव्हापासून तिच्या घराची पायरी चढले नव्हते. तेही तिनं गिळलं असतं. पण एक दिवस सहावीतल्या लेकीनं गृहपाठ करता करता विचारलं, “आई, तू आजीला एकटं टाकून का गेली होतीस?” त्या दिवशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती उतरलीच नाही. नवऱ्याकडे काही बोलायला जावं तर त्याचं एकच पालुपद. “सोडून दे गं. कशाला कुणाच्या तोंडी लागतेस?” बिचारा भांडणाला भितो, असं ती समजायची.

वर्ग भरायचा एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर. एका भिंतीला आरसे, छताला साखळ्यांनी टांगलेल्या सहा बॅगा, आणि रबराच्या चटयांचा असा वास की पहिल्या दिवशी चहा नको वाटावा. शिकवणारी बाई एकेकाळी स्पर्धांत उतरलेली, नाक जरासं डावीकडं गेलेलं. तिला सगळ्या कोचबाई म्हणत.

कोचबाई पहिली वीस मिनिटं कुणाला ग्लोव्जला हातच लावू द्यायची नाही. मान, खांदे, मनगटं, घोटे, मग दोरीवरच्या उड्या, मग आरशासमोर हवेत ठोसे. धाकटीला वाटलं, हे काय थेर आहेत? आपण मारायला आलोय, घोटे फिरवायला नाही. तिसऱ्या दिवशी ती मुद्दाम उशिरा आली आणि तडक बॅगेला भिडली. खांदा असा धरला की आठवडाभर तिला कात्री उचलवेना. मग मात्र ती मुकाट्यानं सगळ्यांच्या आधी येऊन घोटे फिरवायला लागली.

जोडीदार म्हणून तिनं मोठीला मागून घेतलं. मोठी दचकली, पण चारचौघींत नाही कसं म्हणणार? एकीनं हातात चपटे पॅड धरायचे, दुसरीनं त्यावर ठोसे मारायचे. ‘एक’ म्हणजे डाव्या हाताचा सरळ ठोसा, ‘दोन’ म्हणजे उजव्याचा. धाकटी दातओठ खाऊन मारायची. मोठीचे तळहात लालबुंद व्हायचे आणि मोठी चकार शब्द काढायची नाही. गप्प राहायला तिला छान जमतं, धाकटी मनात म्हणायची, फक्त हॉस्पिटलात जमलं नाही.

महिनाभर असं चाललं. धाकटीचा दम दुसऱ्या मिनिटालाच संपायचा आणि राग होता तिथंच.

एक दिवस कोचबाईनं तिला बाजूला घेतलं. “तू पॅडला मारत नाहीस, त्यामागच्या बाईला मारतेस. नुसता खांदा चालतो, पाय झोपलेत. ठोसा टाचेतून निघतो. टाच वळली की कंबर वळते, हात नुसता मागनं येतो. आणि मारताना श्वास सोड, धरून ठेवू नकोस.”

“मला तिला दमवायचंय,” धाकटी बोलून गेली.

कोचबाई हसली. “मग पॅड तू धर. आकडा धरणारीनं सांगायचा असतो, मारणारीनं फक्त मारायचं. तिसऱ्या मिनिटाला भल्याभल्यांना आपलं नाव आठवत नाही.”

एवढी साधी गोष्ट आपल्या टाळक्यात महिनाभर शिरली नाही, याचा धाकटीला स्वतःचाच राग आला. दुसऱ्या दिवशी तिनं पॅड चढवले.

“एक. एक-दोन. एक-दोन. हात हनुवटीशी, ताई. एक-दोन.”

पहिलं मिनिट मोठीनं नेटानं काढलं. दुसऱ्या मिनिटाला केस कपाळाला चिकटले. धाकटीनं आकडे जवळजवळ आणले, श्वासाला जागा म्हणून ठेवली नाही. बाकीच्या बायका आपापल्या बॅगांवर धपाधप मारत होत्या, त्यामुळं ह्या दोघींचं बोलणं कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

“एक-दोन. मी तुमच्या दारात आले होते की नव्हते? एक-दोन.”

“आता... कशाला...”

“एक-दोन. आले होते की नव्हते?”

“आली होतीस.”

दोन वर्षं ज्या दोन शब्दांसाठी ती जळत होती ते असे घामाबरोबर गळून पडले. पण आता ती थांबणार नव्हती.

“एक-दोन. मग गेला का नाहीत? एक-दोन.”

“गेले होते मी.” मोठीचा ठोसा पॅडला नुसता टेकला. “बसले होते आईंजवळ. साडेतीनला तुझा नवरा आला. म्हणाला, वहिनी, तुम्ही जा, मी आहे.”

पॅड खाली आले.

“मी गेले. त्याला मित्राचा फोन आला, तो पत्ते खेळायला गेला. आई झोपल्यात असं बघून गेला. मग दवाखान्याच्या जिन्यात माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला. दादा मला जिवंत ठेवायचा नाही, म्हणाला, माझं नाव घेऊ नका.” मोठी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. “मलाही भीती वाटली. बसले होते म्हटलं तर उठलीस का, हे आलंच असतं. मी विचारलं त्याला, अरे, मग ती? तर म्हणाला, ती सोसेल.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि ती देणारा घरातलाच. धाकटीनं पॅड काढून खिडकीत ठेवले. मोठीला एक कानाखाली द्यावी असं तिला वाटलं, अगदी हात शिवशिवला. तिनं दिली नाही.

“ताई, घरी जा. दादांना हे असंच्या असं सांगा. आणि त्यांना घेऊन आत्ता माझ्याकडं या. नाही आलात तर मी येईन, आणि मग काय होईल ते मला माहीत नाही.”

घरी नवरा चहा पीत बसला होता. लेक दप्तर भरत होती.

“आज लवकर?” त्यानं विचारलं.

“दादा येतायत. ताई सगळं सांगून त्यांना घेऊन येतेय. साडेतीनपासूनचं सगळं.”

त्यानं कप खाली ठेवला. “अगं, त्या वेळी मला काही सुचलं नाही. तू समजून घे ना.”

“घेतलं. दोन वर्षं घेतलं.”

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि मान फिरवायला लागली. उजवीकडं, डावीकडं. मग खांदे. मग मनगटं.

“हे काय चाललंय?” तो खुर्चीतून अर्धवट उठला.

“वॉर्म-अप,” ती म्हणाली आणि एकेक घोटा फिरवायला लागली.

बेल वाजली. लेक उठली तशी तिनं तिला खूण करून थांबवलं. “तुम्ही उघडा,” ती नवऱ्याला म्हणाली.

दारात दादा होते, मागं मोठी, अजून घामेजलेली. दादा चपलाही न काढता थेट धाकट्या भावासमोर येऊन उभे राहिले. नवऱ्यानं सवयीनं वळून बायकोकडं पाहिलं. आजवर अशा वेळी तीच काहीतरी बोलून सांभाळून घ्यायची. आज नाही. तिनं लेकीला जवळ ओढून घेतलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, म्हणजे तिलाही नीट ऐकू जाईल.

“दादा,” तो म्हणाला, “त्या दिवशी आईजवळ मी होतो.”