चाल कोणाची?

अकोल्याचे देवीदास मास्तर कोणावर ना कोणावर रोजच रागावलेले असत. पेटी शिकवणाऱ्या माणसाला ते शोभतंही. पण त्या गणपतीत त्यांचा पारा जो चढला तो उतरेचना. मेळे ऐकायला ते अमरावतीला आले, तर तिथल्या एका मेळ्यानं त्यांची चाल चोरली होती.

गणपतीपुढं पदं म्हणणाऱ्या या मेळ्यांचा रिवाज असा, की पद सुरू करण्याआधी गाणाऱ्यानं पुढं येऊन चाल कुठली ते मोठ्यानं सांगायचं. नाटकातली असो की ग्रामोफोनच्या तबकडीवरची, खुशाल घ्या, शब्द आपले घाला. घेण्यात लाज नव्हती, न सांगण्यात होती. आणि वसंत नावाच्या त्या पोरानं काही एक न सांगता गायला सुरुवात केली, तीही समोर बसलेल्या मास्तरांच्या डोळ्यांदेखत! शिवाय शेवटच्या ओळीत, जिथं मास्तरांची चाल झोकात वर जाते, तिथं हा अलगद खाली उतरत होता. चोरी पचावी म्हणून केलेली ही मखलाशी, असं मास्तरांचं ठाम मत पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मेळ्यांचे पंच मोरोपंत वकील यांच्याकडे गेले.

"तुम्ही एकदा त्या मुलाला भेटा," मोरोपंत म्हणाले. "त्यानंतरही तुमचं म्हणणं कायम असेल, तर उद्या त्याचा मेळा गाणार नाही. पण तबकडी काढणाऱ्या कंपनीचा माणूस उद्याच यायचा आहे. पोराचं नशीब तुमच्या शब्दावर आहे, मास्तर."

"माही चाल तबकडीवर त्याच्या नावानं जाईन, अन् मी पाहत बसू काय?" मास्तर म्हणाले आणि उठले.

वसंत घरीच होता. मास्तरांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि पाणीसुद्धा न घेता विचारलं, "चाल कोनाची हाये?"

"माहीच हाये, मास्तर. आपोआप सुचली."

"आपोआप!" मास्तरांनी कोपऱ्यातली पेटी पुढं ओढली आणि आपली चाल वाजवली. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी. एकेका ओळीबरोबर वसंताचं तोंड उतरत गेलं. "देवाशपथ, मी हे कधी ऐकलं नाही," तो कसाबसा म्हणाला. मास्तर चौथ्या ओळीला झोकात वर गेले, तशी आतून वसंताची आई रुख्मिणी पदराला हात पुसत बाहेर आली.

"शेवट चुकला," ती म्हणाली.

मास्तरांचा हात थांबला. चुकला? त्यांचा?

"हे तं गोदीचं गानं. तिचा शेवट असा नव्हता." रुख्मिणी त्यांच्याकडे निरखून पाहू लागली. "अकोल्याचे म्हनता... तू गोदीचा देवा तं नाहीस? मी तुमच्याच गल्लीतली पोट्टी. भुलाबाईच्या दिवसांत आमी साऱ्या घरोघर गानी म्हनत फिरो. ही चाल गोदीनं बांधली होती. तू तवा इतकुसा, तिचा पदर धरून मागंमागं फिरे. पुढं ह्या वसंताले मी पाळन्यात हेच गाऊन झोपवलं."

गोदाअक्का, मास्तरांची थोरली बहीण, ते लहान असतानाच मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली. तिचा एक फोटोही घरात नव्हता, आणि तिचा आवाज कसा होता हे आठवायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. तरुणपणी एकदा पेटीवर बोटं ठेवली आणि ही चाल आली. देवानं दिली, असं ते शिष्यांना मोठ्या तोऱ्यात सांगत. शेवट तेवढा काही केल्या सुचेना, म्हणून तो आपल्या अकलेनं लावला होता.

"वसंता," ते म्हणाले, "मोरोपंतांकडं पळ. सांग, मास्तरांची तक्रार नाही. उद्या तुमी गा. अन् आधी सांगजो, चाल अकोल्याच्या गोदाबाईची. मीही आता असंच सांगीन."

वसंत त्यांच्या पाया पडला आणि धावत सुटला. मास्तर मात्र जागचे हलले नाहीत. चोर पकडायला आलेल्या माणसाला कोणी जेवायला वाढावं, तसं त्यांना झालं होतं. राग कुठं गेला ते कळलंच नाही. मन नुसतं भरून आलं होतं. ही बाई इतकी वर्षं पाळण्याशी गात राहिली नसती, तर अक्काचं होतं नव्हतं ते सगळं गेलं असतं.

"उपकार झाले तुमचे, ताई," ते म्हणाले. "मले शिकवता काय? पुरं गानं?"

रुख्मिणी खाली बसली आणि गाऊ लागली. मास्तर पेटी बाजूला सारून तिच्या मागोमाग म्हणू लागले. शेवटची ओळ आली आणि सवयीनं त्यांचा आवाज वर गेला.

"वर नाही रे देवा," ती म्हणाली. "खाली ये."

एवढ्या मोठ्या मास्तरांना असं दटावणारं माणूस अक्कामागं कोणी उरलंच नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि ती ओळ पुन्हा म्हणायला घेतली.